साडीचं छोटं दुकान फोनवर चालतं का?

काठपदर: पुण्यात कुमठेकर रस्त्याजवळ बोळात आमचं दहा बाय बाराचं साड्यांचं दुकान. शेजारचे काका परवा म्हणाले, "गिऱ्हाईक गादीवर बसल्याशिवाय धंदा होत नाही." मला नाही पटत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये नाइलाजाने व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं, आज निम्मी विक्री तिथून. रोज अकराच्या आत स्टेटसला आठ फोटो. खरी गंमत त्यात गिऱ्हाइकांच्या नावाला लावलेल्या लेबलांत आहे: 'मोठे काठ', 'जरी नको', 'सात तारखेनंतर' (पगार!). नारायणपेठी आली की कुणाला कळवायचं ते शोधावं लागत नाही. मॉलमधल्या शोरूमला हे जमेल?

बोहारीण: काकांच्या बाजूने मी. गेल्या वर्षी एका दुकानातून फोटो बघून चिंतामणी रंगाची साडी मागवली, हातात आला रामा कलर. वर "एक्स्चेंज नाही". साडी हाताने बघायची वस्तू आहे, पोत काय स्क्रीनवर कळणार? दुकानात यायचं तर गाडी लावायला जागा नाही हे रडगाणंही आता पुरे, सप्टेंबर 2024 पासून मेट्रो मंडईला उतरवते.

हिशेबनीस: दोघांचंही अर्धवट. स्टेटस बघणार ओळखीचेच, नवीन गिऱ्हाईक कुठून आणणार? मोठ्या ॲपवर जा. 1 ऑक्टोबर 2023 पासून उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीशिवायही राज्यातल्या राज्यात तिथे विकता येतं. पॅन देऊन एनरोलमेंट नंबर घ्या, झालं.

काठपदर: गेलो होतो हो दिवाळीत. अकरा पार्सलं गेली, चार परत. त्यातली एक फॉल-पिको करून परत! नेसून, फराळ करून पाठवलीय, पदराला चकलीचा वास. येण्याजाण्याचा खर्च माझ्या बोकांडी. एका डिझाइनचे माझ्याकडे चारच नग असतात, तिथे चारशे नगवाल्याशी भावात कसा टिकू?

हिशेबनीस: अकरा पार्सलांवरून निकाल लावू नका. आणि निम्मी विक्री फोनवर म्हणताय, त्यात रात्री साडेअकराला "अजून दाखवा" म्हणणाऱ्यांचा वेळ धरलाय का?

काठपदर: नाही धरला. बायको धरते. रंगाचं मात्र बोहारीणताईंचं शंभर टक्के खरं. ट्यूबलाइटखाली मोरपंखीची निळी होते. मी आता साडी दाराशी उन्हात नेतो, शेजारी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ ठेवतो. रीळ पिवळट दिसलं तर तो फोटो बाद. फिल्टर अजिबात नाही. पोतासाठी पदर मुठीत चुरगाळून सोडतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. तरी तक्रार आली तर बदलून देतो.

बोहारीण: रिळाची युक्ती बरी आहे. मोरपंखी आहे का सध्या, बारीक काठाची?

काठपदर: दोन आहेत. फोटो टाकू?

बोहारीण: नको. बाजूला काढून ठेवा, शनिवारी येते.