बीपीच्या पट्ट्याकडेही बघा

अँटिबायोटिक्स जपून वापरली की कँडिडा ऑरिस ही रुग्णालयांत पसरणारी बुरशी आटोक्यात येईल, असं म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटतं. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून पहिल्यांदा नोंदलेली ही बुरशी (ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान) फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला सहसा दाद देत नाही, खरंय. पण खरी मेख वेगळीच आहे. पलंगाचा कठडा, थर्मामीटर, बीपीचा पट्टा यांवर ती आठवडेच्या आठवडे तग धरते. पुसायला वापरतात ती बरीच नेहमीची जंतुनाशकं तिच्यापुढे फिकी पडतात; क्लोरीनवालं किंवा तसंच जालीम लागतं. त्यात व्हेंटिलेटरवर दीर्घकाळ असलेला रुग्ण या बुरशीने आजारी न पडताही ती काखेत, जांघेत बाळगून असू शकतो. स्वॅब घेतल्याशिवाय कळणार कसं? तोवर पट्टा या दंडावरून त्या दंडावर फिरतोच आहे.