हॅवलॉकला स्कूबासाठी अख्खी बोट घ्यावी का? सोबत आई आणि 9 वर्षांची मुलगी

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत अंदमानला निघालोय. आमचं आणि धाकट्या भावाचं कुटुंब, एकूण आठ जण: चार मोठे, तीन मुलं (15, 13 आणि 9) आणि आमची आई, वय 68. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, तीन रात्री आहेत.

सांगलीतल्या एजंटने दोन पर्याय दिलेत. एक, किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचं, माणशी साडेचार हजार. दुसरा, अख्खी बोट फक्त आपल्यासाठी, सकाळी निघून दुपारी परत, दोन ठिकाणी डाइव्ह, त्यातलं एक जॉनीज गॉर्ज. आई बोटीत बसून समुद्र बघेल. सगळे मिळून 65 हजार, निम्मे आत्ताच भरायचे.

आमच्यापैकी कुणीच स्कूबा केलेलं नाही. मी कृष्णेत पोहायला शिकलो, बायकोला अजिबात पोहता येत नाही. मला दोन वर्षांपासून बीपीची गोळी आहे. एजंट म्हणतो, "तिथं कोण विचारत नाही, गोळीचं लिहू नका आणि धाकटीचं वय 10 सांगा." हे मनाला पटत नाहीये. जाऊन आलेल्यांनी सांगावं.

भटका_कोथरूड

अंदमानचं माहीत नाही, आम्ही तारकर्लीला केलंय. मुलं खूश होती. एकच सांगतो, बोटीत पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट काढू देऊ नका, आईंनाही नाही. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. पाण्याखाली सगळे सावध असतात, बोटीत मात्र निवांत होतात.

रेवती_दापोली

दादा, पैसे भरू नका. निदान आत्ता तरी नाही.

मी शाळेत शिकवते. वयाच्या 44 व्या वर्षी हॅवलॉकलाच ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केला, त्यानंतर पाच वेळा तिकडे जाऊन आले. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

जॉनीज गॉर्ज हे नाव वाचूनच मी थबकले. अप्रतिम जागा आहे, खडकांवर स्नॅपरचे थवेच्या थवे असतात, खाली वाळूत शार्क निजलेले दिसतात. पण ती पंचवीस-तीस मीटरची जागा आहे. पहिल्यांदा उतरणाऱ्याला 12 मीटरच्या खाली न्यायचंच नसतं. कोर्स केलेल्यालाही 18 पर्यंतच परवानगी, त्यापुढे अ‍ॅडव्हान्स्ड, म्हणजे पुढचा कोर्स लागतो. म्हणजे एकतर एजंटला जागांची काही माहिती नाही, किंवा बोट भलतीकडेच नेऊन तेच नाव सांगणार. दोन्हीत तुमचंच नुकसान. नवख्यांसाठी नीमो रीफ आहे, गोविंदनगरच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात जाता येतं. बोटीनेच जायचं असेल तर लाइटहाउसची उथळ बाजू. तिथेही लायनफिश दिसतो, त्यासाठी खोल जायला लागत नाही.

धाकटीचं वय खोटं सांगू नका. 10 ही अट उगाच नाही. तिला त्याच किनाऱ्यावर मास्क-स्नॉर्कल लावून कंबरभर पाण्यात न्या, मासे तिथेही येतात. वहिनींना पोहता येत नसलं तरी चालेल, या पहिल्या डाइव्हला पोहण्याची अट नसते, इन्स्ट्रक्टर धरूनच असतो. फक्त तो किती जणांना धरणार आहे ते आधी विचारा. मी माझ्या माणसांना एकास एकच पाठवते. "दोघांना एक घेतो" म्हणाले तर दुसरं दुकान बघा, तिथे भरपूर आहेत.

आता बीपीच्या गोळीबद्दल. डाइव्हआधी भरायच्या तब्येतीच्या फॉर्मवर खोटं लिहिण्याचं काय होतं ते मी भोगलंय, म्हणून कळकळीने लिहिते.

तिसऱ्या खेपेला मला सर्दी होती. बोट ठरलेली, पैसे भरलेले, बरोबर मैत्रिणी. सकाळी नाकात थेंब घातले आणि गेले. दुकानातल्या माणसाने फॉर्म हातात दिला तेव्हा सगळ्या प्रश्नांपुढे "नाही" आधीच भरलेलं होतं, मी फक्त सही केली. खाली जाताना काही झालं नाही, कान सुटत होते. पस्तीस मिनिटांनी वर येताना मात्र आठ मीटरच्या आसपास भुवईच्या वर सुई खुपसावी तसं झालं. थेंबांचा असर उतरला होता आणि आत कोंडलेली हवा फुगत होती. खाली जाताना दडे बसले तर वर येऊन सोडवता येतात, पण वर येताना असं झालं की जायचं कुठे? सिलिंडरमधली हवा तर संपत आलेली. इन्स्ट्रक्टरने माझा पट्टा धरला, पुन्हा दोन मीटर खाली नेलं, मग हातभर वर, थांबायचं, हातभर वर. मास्कमध्ये नाकाशी कोमट काहीतरी साचत होतं. बोटीवर मास्क काढला तर रक्त. पुढचे चार दिवस पोर्ट ब्लेअरला खोलीत काढले, डॉक्टरांनी विमानाला मनाई केली होती.

त्या इन्स्ट्रक्टर मुलाचा यात काही दोष नव्हता. त्याला माझी सर्दी कुणी सांगितलीच नव्हती. म्हणून म्हणते, त्या फॉर्मवरचं "हो" हे आपल्याला धरून ठेवणाऱ्या माणसासाठी असतं.

बोटीचं म्हणाल तर तिकडे बऱ्याच ठिकाणी डुंगी असते, लाकडी, डिझेल इंजिनाची, वर ताडपत्री. चालती बोट कमी लागते, उभी जास्त. तुम्ही पाऊण तास खाली असणार आणि आई त्या डोलणाऱ्या बोटीत धुराच्या वासात बसणार. शिवाय ओहोटीला बोट काठाला लागत नाही, मेलेल्या पोवळ्यांच्या खडबडीत तळावरून गुडघाभर पाण्यात चालत जावं लागतं. 68 व्या वर्षी ते नको. त्या किनाऱ्यावर माडाखाली बसू देत, नातीजवळ.

आणखी एक विचारायचं: नांगर टाकणार की बोयाला, म्हणजे तिथे कायम तरंगणाऱ्या पिंपाला, बांधणार? 2010 मध्ये समुद्र तापला तेव्हा तिथलं कितीतरी पोवळं पांढरं पडून मेलं. जे उरलंय, जे नव्याने येतंय, त्याची फांदी वर्षाला काही सेंटिमीटर वाढते. एक नांगर घसटला की कित्येक वर्षांची वाढ गेली. बोया असूनही आळसाने नांगर टाकणाऱ्या बोटीवर मी चढत नाही. आणि फोटोसाठी तारामासा उचलून हातात देणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

कानवाले_डॉक

रेवतीताईंच्या बाबतीत झालं ते वर येताना सायनसमध्ये हवा अडकल्याने होतं. दाबाचा हिशोब सोपा आहे: दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे पहिल्या दहा मीटरांतच कानांना सगळ्यात जास्त फरक सोसावा लागतो. नवख्यांचे कान तिथेच दुखतात. दुखण्याची वाट न बघता पहिल्या मीटरपासूनच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, जोर लावायचा नाही. नाही सुटला तर थोडं वर या.

बीपीची गोळी असली म्हणजे डाइव्ह बंद असं नाही, पण फॉर्मवर "हो" आलं की डॉक्टरांची सही लागते. ती सांगलीतूनच घेऊन जा, तिकडे धावपळ होते. बोट लागू नये म्हणून अ‍ॅव्होमिन घेऊन पहिल्यांदा पाण्याखाली जाऊ नका, गुंगी येते. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी एकच केली असेल तर 12 तास, जास्त केल्या असतील तर 18 तास जाऊ द्या.

कृष्णाकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. एजंटला फोन केला. जॉनीज गॉर्ज किती खोल विचारलं तर म्हणाला, "तुम्हाला पाहिजे तेवढं." पैसे भरले नाहीत. उद्या डॉक्टरांकडे जातोय.

पंधरा वर्षांचा पुतण्या मात्र हिरमुसलाय, त्याला बोटच हवी होती. रेवतीताई, दुसऱ्या दिवशी तो, मी आणि भाऊ असे तिघेच बोटीने जाऊ शकतो का? वेळ कुठली चांगली?

रेवती_दापोली

जरूर जा. पण पहिल्या दिवशी नीमोला तिघांचेही कान नीट सुटले तरच. अख्खी बोट घ्यायची गरज नाही, दुकानाच्या बोटीत तीन जागा घ्या.

सकाळी साडेसहाची बोट मागा. तिकडे फेब्रुवारीत साडेपाचला सूर्य मावळतो. दुपारी दोनला निघालेली बोट दुसऱ्या डाइव्हनंतर परतेपर्यंत अंधारतं, आणि पाण्यात डोकं वर काढलेला माणूस लाटांमध्ये बोटवाल्याला दिसत नाही. इन्स्ट्रक्टरच्या जॅकेटला गुंडाळलेली नारिंगी नळी लटकवलेली आहे का बघा, ती फुगवून उभी करतात.

आणि कॅलेंडर बघा. आमच्याकडे मच्छीमार अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जपून असतात, तिकडेही पाणी तसंच वागतं, करंट ओढतो आणि खालचं गढूळतं. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं, संथ. तारखा बदलता येत असतील तर तिथी बघून बदला.

कृष्णाकाठचा

बघितलं. पहिला दिवस सप्तमी, दुसरा अष्टमी. पुतण्याला सांगितलं, तो आत्तापासून नाक धरून फुंकायचा सराव करतोय. आई म्हणाली, मला तो माडच बरा.