सोसायटी ग्रुप: काळ्या गाडीला कुठलं रबिंग?

रविवार

प्रशांत, बी-३०२ (सकाळी ७.४८)
नमस्कार मंडळी. फोटो टाकलेत. गाडी काळी, अजून तीन वर्षं पण झाली नाहीत. ऊन पडलं की बॉनेटवर कोळ्यानं जाळं विणल्यासारखं दिसतंय. शिवाय मागच्या डाव्या दारावर हातभर लांब चरा आहे. तो कुणी मारला ते मी ग्रुपवर विचारत नाही, पण दुचाक्या जरा बघून लावत चला. रबिंग कंपाउंड, म्हणजे चरे घासून काढायची पेस्ट, आणायचंय. ऑनलाइन शंभर प्रकार दिसालेत. कुठलं आणू?

जोशी काका, सी-२०१ (७.५१)
सुप्रभात 🙏 टूथपेस्ट लावा. पांढरी, जेल नको. मी स्कूटरला वर्षानुवर्षं तेच लावतो.

वैशाली, ए-४०३ (७.५२)
काका, म्हणून ती निळी स्कूटर आता आकाशी झालीय का 😄

मयूर, बी-५०१ (७.५५)
दादा, मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड घे नाहीतर थ्रीएमचं रबिंग. डोळे झाकून.

सी-१०३ (७.५७)
"दुचाक्या बघून लावा" हे कुणाला? आमची गाडी तिकडं नसतेच.

अण्णा, ए-१०१ (८.०४)
डोळे झाकून काही नको. प्रशांत, चऱ्यावर नख आडवं फिरव. अडकतंय का सांग. तोवर बॉनेटला काही फासू नको.

प्रशांत (८.१०)
बहुतेक ठिकाणी नाही अडकत. शेवटाला दोन बोटं जागा आहे, तिथं अडकतंय.

अण्णा (८.११)
आता ओलं बोट फिरव. ओलं असताना दिसतोय का?

प्रशांत (८.१४)
ओलं केलं की गायब! वाळलं की परत. ती दोन बोटं मात्र पाण्यातही फिकट दिसालीत.

अण्णा (८.१५)
मग बाकीचा निघतोय. ती दोन बोटं सोड, तिथं टच-अपच, म्हणजे ब्रशनं रंग भरणं. सविस्तर सूनबाईकडून टाइप करून घेतो. माझं बोट एकदम तीन अक्षरांवर पडतंय.

सेक्रेटरी (८.२०)
पाण्याची सूचना: आज नळाला पाणी आहे. ११ पर्यंत भरून घ्यावं. नंतर चार दिवस नाही. गाडी धुणाऱ्यांनी पाइप लावू नये.

अण्णा (८.४१)
मी अठरा वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पेंट बूथवर काढली, तेवढ्यावर सांगालोय. पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग, आणि वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. चमक असते ती क्लिअरची. हे क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतंय. डोक्याचा केस ७० च्या आसपास धर. म्हणजे केसाएवढीही जाडी नाही, आणि आपण त्यावर रबिंग मारायला निघालो. कंपाउंड चरा भरत नाही. चऱ्याच्या आजूबाजूची पातळी घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतंय, मग चरा उरत नाही. पाणी लावलं की चरा दिसेनासा होतो, कारण पाणी त्यात बसतं आणि उजेड फुटत नाही. म्हणजे तो क्लिअरमध्येच आहे. पाण्यातही दिसला तर तो खाली रंगात नाहीतर प्रायमरमध्ये गेलाय. तिथं कितीही घास, क्लिअर संपेल, चरा राहील.

वैशाली (८.४४)
मग काकांची स्कूटर?

अण्णा (८.४६)
तिला क्लिअर नसेल. जुन्या साध्या रंगाला वर क्लिअर नसायचं, घासलं की रंगच फडक्यावर यायचा. तिथं रंग येणं ठीक. प्रशांतच्या गाडीला क्लिअर आहे. त्याच्या फडक्यावर काळा रंग आला तर तिथंच हात थांबवायचा.

जोशी काका (८.४७)
स्कूटर चांगली चालते.

मयूर (८.५५)
अण्णा, पण व्हिडिओत सगळे हेवी कट मारतात, आरसा करून दाखवतात.

अण्णा (९.०८)
आपल्या लॉबीच्या मोझॅकला मागं पॉलिश केलं ते आठव. पहिला दगड मारला तेव्हा फरशी आणखी खराब दिसायला लागली. तू ग्रुपवर ओरडला होतास, "पैसे पाण्यात." मग बारीक दगड, मग आणखी बारीक, शेवटी चमक. हेवी कट म्हणजे तो पहिला दगड. तो चरा काढतो आणि स्वतःची धुरकट खूण सोडून जातो. व्हिडिओवाला त्यावर बारीक पॉलिशचा दुसरा हात मारतो, तो अर्ध्या मिनिटात पळवतात. पांढऱ्या गाडीवर ती धूसर खूण कुणाला कळत नाही. काळ्यावर संध्याकाळच्या उन्हात शेजाऱ्याच्या गॅलरीतून दिसते.

म्हणून ब्रँड शेवटी बघ. डबीवर रबिंग, कटिंग, हेवी असं काही असेल तर ते जाडं. पॉलिश, फाइन, फिनिशिंग असेल तर बारीक. बॉनेटवरच्या जाळ्याला बारीकच. दारासाठी हवं तर मधलं. एक फूट बाय एक फूट टेप लावून चौकोन कर आणि सगळ्यात सौम्य जे आहे त्यानं सुरू कर. भागलं तर तिथंच थांब. नाही भागलं तरच एक पायरी जाड, आणि जाड मारलं की परत बारीकवर यायचंच.

मयूर (९.१२)
म्हणजे मेग्वायर्समध्ये १०५ कापायला, २०५ फिनिशला. दादाला २०५ पुरेल बहुतेक. आणि थ्रीएम भारी की मेग्वायर्स यावरून भांडू नका, २००८ ला थ्रीएमनंच मेग्वायर्स विकत घेतली 😎

सेक्रेटरी (९.३०)
माझा अनुभव. मागच्या वर्षी एका ठिकाणी पॉलिश करून घेतलं. नाव नको. आठवडाभर आरसा. चार वेळा धुतल्यावर जैसे थे, एकूणएक चरा परत हजर.

अण्णा (९.३४)
चरा गेलाच नव्हता. तेल, मेण, सिलिकॉन भरून झाकला होता. पॉलिश झालं की मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्ध्याला अर्धं पाणी घालून त्यावर पुसून बघायचं. तेल निघून जातंय. त्यानंतर दिसतं ते खरं. वॅक्स त्याच्यानंतर.

सी-१०३ (९.४०)
सिरॅमिक कोटिंग, ते रंगावरचं कडक संरक्षक आवरण, केलं तर हे सगळं वाचतं ना?

अण्णा (९.४१)
आधी पॉलिश करून मग कोटिंग. नाहीतर चरे फोटोला काच लावल्यासारखे आत राहतात.

वैशाली (१०.०५)
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. तीन वर्षांत जाळं आलं कुठून? गाडी तर नुसती उभी असते.

अण्णा (१०.१२)
आता बोललात. पुसण्यातून. आपल्याकडं धूळ किती बसते बघता ना, रात्री पुसलेल्या गाडीवर सकाळी बोटानं नाव लिहावं. ती वाळूच आहे. कोरड्या फडक्यानं ती फिरवली की झालं काम. चरे सगळ्या दिशांना असतात, पण सूर्याभोवतीचे तेवढे चमकतात, म्हणून गोल जाळं वाटतं. घासणारा गोल फिरवत नव्हता.

बी-२०२ (१०.१४)
म्हणजे गाड्या पुसणारा पोरगा. मी आधीपासून म्हणत होतो.

वैशाली (१०.१६)
त्याला अकरा गाड्यांना मिळून अर्धी बादली देतो आपण. फडकं कुणाचं असतं? आपणच दिलेला फाटका टॉवेल. त्याच्यावर कशाला ढकलताय.

बी-२०२ (१०.१६)
हा मेसेज हटवला आहे.

शेठ, बी-१०४ (१०.२५)
एक मिनिट. टॉवेलला नावं ठेवायची नाहीत ग्रुपवर. सोलापूरच्या टेरी टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, चादरीला आहे तसंच. आमचं घर त्याच्यावर चाललंय.

अण्णा (१०.२८)
शेठ, टॉवेल अंगाला लागतोय, त्याला कोण नावं ठेवणार. पण पाच वर्षं अंग पुसून झाल्यावर तो गाडीकडं येतो, तेव्हाचं बोलालोय मी.

शेठ (१०.३६)
ते मान्य. नव्या टॉवेलला दोन्ही बाजूंनी सुताचे फेरे उभे असतात, धूळ त्यात आत जाते. धुऊन धुऊन ही फेऱ्यांची पाइल बसली की टॉवेल सपाट होतो, धूळ वर राहते आणि घासली जाते. आणि काठाची शिलाई. ती जाड दोऱ्याची असते, टॉवेल जुना झाला तरी ती कडकच राहते. गाडीला वापरायचाच तर काठ कापून टाका. (हे मी सांगालोय, घरी कळू देऊ नका.) मायक्रोफायबर चांगलं, पण ते आमचं नाही.

सेक्रेटरी (११.०२)
मग असं ठरवू. प्रत्येकानं आपल्या गाडीचं फडकं स्वतः द्यायचं, दोन. एकाचं दुसऱ्या गाडीला नाही. कोरडं पुसणं बंद. टपावरून एक तांब्या पाणी सोडून मग ओल्या फडक्यानं वरून खाली. त्याला बादल्या दोन. एक फडकं पिळायला, एक स्वच्छ. पाणी बोअरचं.

मयूर (११.०५)
बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके पडतात ना काका. क्षार भरपूर आहेत.

सेक्रेटरी (११.०७)
उन्हात वाळू द्यायचं नाही. लगेच कोरडं टिपायचं. टिपायचं, घासायचं नाही. उजनी धरणाचं नळाचं पाणी गाडीला मिळणार नाही, पुढचा प्रश्न.

बुधवार

प्रशांत (रात्री ९.१५)
बारीक पॉलिश आलं. फोमचे दोन पॅड आणि मायक्रोफायबर पण. उद्या ऑफिसहून आल्यावर करू का? साडेपाचला उजेड असतो.

अण्णा (९.१८)
पारा ४२ वर आहे, साडेपाचला पत्र्यावर भाकरी भाजेल. पॉलिश लावताक्षणी वाळतंय आणि पांढरी खपली धरतंय. पत्र्यावर तळहात टेकवून निवांत ठेवता आला पाहिजे. रविवारी सकाळी साडेसहाला, पार्किंगच्या सावलीत. मी येतो खाली. चहा तुझ्याकडं.

प्रशांत (९.१९)
नक्की अण्णा.

अण्णा (९.२४)
आधी गाडी नीट धुऊन घे, धुळीवर पॉलिश मारलं तर तो पण रबिंगच. काळं रबर आणि प्लॅस्टिक टेपनं झाक, पांढरं बसलं की दात घासायच्या ब्रशनं काढत बसशील. दाराच्या कडा आणि पत्र्याची घडी असते तिथं पण टेप. धारेवर क्लिअर सगळ्यात पातळ असतं, तिथं आधी उघडं पडतंय.

जोशी काका (९.३०)
टूथपेस्ट एकदा बघायला हरकत नव्हती.

रविवार

प्रशांत (सकाळी ७.५५)
बॉनेटच्या एका चौकोनाचा फोटो. टेपच्या आतलं आणि बाहेरचं बघा!! रुपयाएवढे चार थेंब, सरळ उभे-आडवे हात, सुरुवातीला दाबून आणि नंतर हलकं. अण्णांनी गोल फिरवू दिलं नाही. अल्कोहोलनं पुसलं तरी तसंच आहे. हातानं केलं, खांदा गेला.

वैशाली (७.५७)
वा! बाहेरचा भाग आता जास्तच खराब दिसतोय 😄

मयूर (७.५८)
मशीन आणतो दादा, ड्युअल अ‍ॅक्शनवालं. मित्राकडं आहे. ते नुसतं गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनसारखं एका जागी जाळत नाही.

प्रशांत (८.३२)
आता दार. लांब चरा जवळपास गेला. पण एक गंमत झाली. ती दोन बोटं अण्णा म्हणाले सोड, तरी मी फडकं फिरवलं. फडक्यावर रंग आला.

अण्णा (८.३३)
काळा असेल तर हात उचल! मी चहा घेतोय, आलो.

प्रशांत (८.३४)
काळा नाही. पिवळा.

अण्णा (८.४१)
बघितलं. माझी चूक झाली, ग्रुपवर कबूल करतो. नख खड्ड्यालाच अडकतं असं नाही, उंचवट्यालाही अडकतंय. तिथं चरा नव्हताच, वर दुसरा रंग चिकटला होता. म्हणून पाण्यातही फिकट दिसायचा. ऑइलपेंट आहे. निघून गेला, खाली क्लिअर शाबूत. टच-अप नको.

मयूर (८.४२)
पिवळा ऑइलपेंट आपल्याकडं कुठं आहे?

शेठ (८.४३)
पार्किंगच्या पिलरना. काळे-पिवळे पट्टे.

सी-१०३ (८.४९)
पिलर सातचा फोटो टाकलाय. दाराच्या उंचीवर हातभर काळी रेघ. हा पिलर कुणाच्या जागेशेजारी आहे, मी ग्रुपवर विचारत नाही.

प्रशांत (८.५८)
🙏 दुचाकीवाल्यांची माफी. मागच्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी पावसासारखं झालं होतं, घाईत मागं घेतली होती.

प्राची, बी-३०२ (९.०१)
तू नव्हे. मी घेतली होती. सांगणार होते.

बी-२०२ (९.०२)
पोहे कुणाकडं मग?

सेक्रेटरी (९.१०)
पिलर सातचा पट्टा खरवडला आहे. रंगाचा खर्च मेंटेनन्समध्ये टाकू की बी-३०२ कडून घेऊ?

जोशी काका (९.१२)
पिलरला टूथपेस्ट लावा.