देसाई कुटुंब (मिरज-पुणे-सिंगापूर): पाडवा सहल

रविवार, ११ जानेवारी २०२६

शोभाआत्या: रोहन, तुझी एक्सेल पाहिली. बाली, सहा दिवस, सतरा ठिकाणं. झोका, एटीव्ही, ज्वालामुखीवर पहाटे चढाई. मी दिवाळीत काय म्हणाले होते? एक गाव, एक खोली. पुढे ओटा, ओट्यासमोर झाड. सकाळी चहा. संपलं. केरळला पाच दिवसांत चार हॉटेलं बदलली. मुन्नार मी गाडीच्या काचेतून पाहिलं, तेही उलटीची पिशवी हातात धरून.

रोहन: आत्या, वर "ड्राफ्ट १" लिहिलंय गं. प्रत्येकाच्या आवडीचं एकेक घातलंय.

शोभाआत्या: माझ्या आवडीचं कुठल्या ओळीत आहे?

रोहन: ओळ १८. "आराम (वेळ उरल्यास)"

विवेक: 😂😂

बाळूकाका: राहण्याच्या जागेला लिफ्ट आहे का? नसल्यास पायऱ्या किती?

मंदाकाकू: आणि स्वयंपाकघर वेगळं आहे का ते पण विचारा.

नेहा: गुड मॉर्निंग. मी सांगते, मी दोनदा जाऊन आलेय. आत्याला हवंय तसं राहायचं तर बालीतल्या उबुद गावात हॉटेल नको, घरगुती गेस्टहाउस घेऊ. तिथली घरं आपल्या वाड्यासारखी असतात. भोवती भिंत, मध्ये अंगण, अंगणात सुट्या सुट्या खोल्या. ईशान्येच्या कोपऱ्यात घरचं देऊळ. मालक कुटुंब तिथेच राहतं आणि मागच्या चार-पाच खोल्या पाहुण्यांना देतं. प्रत्येक खोलीला पुढे ओटा असतो, त्यावर बांबूची खुर्ची. नाश्ता तिथेच आणून देतात. दारातून आत शिरलं की समोर एक आडवी भिंत लागते. वाईट शक्ती सरळ चालतात, त्यांना वळता येत नाही म्हणून.

विवेक: वळता येत नाही? मग त्यांचं पुण्यात कसं भागणार.

बाळूकाका: लिफ्टचं उत्तर राहिलं.

नेहा: काका, वाड्याला लिफ्ट कशी असेल? पायऱ्यांचं मालकाला विचारते.

रोहन: कुठला मालक? मी ज्याच्याशी बोलतोय त्याचं नाव वायन.

नेहा: माझ्याही मालकाचं नाव वायनच. रोहन, तिथे पहिलं मूल वायन, दुसरं माडे, तिसरं न्योमान, चौथं केतूत. पाचवं झालं की बऱ्याचदा पुन्हा वायन. मुलगा असो की मुलगी. वायन म्हणून हाक मारलीस तर अर्धा रस्ता वळून बघेल.

विवेक: म्हणजे आत्या वायन, सुनीलकाका माडे, बाबा न्योमान. केतूतचं आपल्याकडे राहूनच गेलं.

मंदाकाकू: विवेक, ग्रुपवर मोठी माणसं आहेत.

मृणाल: वायफाय आहे ना तिथे?

रोहन: आहे गं. तारखा १७ ते २२ मार्च धरल्यात. १९ ला पाडव्याची सुट्टी वाया जायला नको म्हणून त्या दिवशी उलुवातूचं देऊळ, समुद्रकिनारा, संध्याकाळी केचक नृत्य. विवेकदादा आणि स्मितावहिनी १९ लाच सकाळी उतरतील, त्याला आधी रजा नाही.

नेहा: थांब थांब. तिकीट काढलंस?

विवेक: होल्डवर आहे. का?

नेहा: १९ मार्चला विमानतळच बंद असतो. अख्ख्या बेटाचा. सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६. त्यांचं नववर्ष आहे, न्येपी. मौनाचा दिवस. दुकानं बंद, गाड्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दिवा नाही, चूल नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. पर्यटकांनाही गेस्टहाउसच्या दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. पेचालांग म्हणून गावाचे राखणदार असतात, चौकटीचं लुंगीसारखं वस्त्र नेसलेले, ते गस्त घालतात. खिडकीतून उजेड दिसला तर येऊन सांगतात. मोबाइलचा डेटासुद्धा बंद करतात, २०१८ पासून.

मृणाल: काय????

विवेक: म्हणजे स्मिता आणि मी हवेतच.

शोभाआत्या: नेहा, हे खरं आहे?

नेहा: शंभर टक्के. २०२३ ला मी तिथेच होते. त्या वर्षी पण पाडवा आणि न्येपी एकाच दिवशी आले होते, २२ मार्चला.

शोभाआत्या: मग माझं ठरलं. १९ तारीख तिथेच.

मंदाकाकू: शोभाताई, पाडव्याच्या दिवशी चूल बंद? वर्षाच्या पहिल्या दिवशी अंधारात बसायचं? तुम्हाला चालत असेल, मला नाही बाई चालणार.

शोभाआत्या: मंदा, अगं तो त्यांचाही वर्षाचा पहिलाच दिवस आहे. आणि त्यांचं पंचांगही शकाचंच. इसवी सनातून ७८ वजा. आपलं शके १९४८ सुरू होणार, त्यांचंही १९४८. चाळीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला आणि हे मला आज कळतंय.

सुनीलकाका: 🙏 *शालिवाहन राजाच्या मराठी सैनिकांनी बाली बेट वसवले. अभिमान असल्यास दहा जणांना पाठवा.* 🙏

शोभाआत्या: सुनील, असले फॉरवर्ड नकोत रे. शकाची कालगणना जावा-बालीपर्यंत गेली हे खरं. बाकीचं कुणीतरी रिकामटेकड्याने लिहिलेलं आहे.

सुनीलकाका: बरं. आम्ही पाठवलं की फॉरवर्ड, नेहाने लिहिलं की माहिती.

नेहा: काका 🙏 तसं नाही हो. आणि दरवर्षी एकच दिवस येतो असंही नाही. गेल्या वर्षी न्येपी २९ मार्चला होती, पाडवा ३० ला.

मंदाकाकू: पण ते लोक गुढी उभारतात ना? मी फोटो पाहिलेत. उंच बांबू, वर वाकलेला, खाली झालर.

नेहा: ते पेंजोर, काकू. गलुंगान नावाचा सण असतो, दर २१० दिवसांनी, तेव्हा दारोदारी उभारतात. या वर्षी तो जूनमध्ये. मार्चमध्ये दिसले तर मागचे वाळलेले.

सुनीलकाका: गुढीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. सगळे बालीला, मग मिरजेच्या घराची गुढी कोण उभारणार?

बाळूकाका: तू आहेस ना.

सुनीलकाका: मी आहेच. आई गेल्यापासून दरवर्षी मीच आहे. मला कुणी विचारलं का, सुनील, तू येतोस का म्हणून? एक्सेलमध्ये माझं नावही नाही.

रोहन: काका, दिवाळीत तुम्हीच म्हणालात की परदेश नको.

सुनीलकाका: म्हणालो असेन. तरी परत विचारतात.

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.)

बाळूकाका: पायऱ्यांचं काही कळलं का?

रोहन: विषय बदलतो. खर्च. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, माणशी ५ लाख रुपिया. शिवाय बालीचा पर्यटक कर दीड लाख, तो २०२४ पासून लागू झालाय.

विवेक: माणशी साडेसहा लाख! आता मिरजेची जागा विकायलाच ह

विवेक: हा संदेश हटवला गेला

सुनीलकाका: वाचला मी.

विवेक: काका, गंमत केली हो. सॉरी.

नेहा: रुपिया म्हणजे त्यांचं चलन हो. साडेसहा लाख म्हणजे आपले साधारण साडेतीन हजार. विमानतळावर उतरलात की सगळेच लखपती. आणि पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक हवा. बाळूकाका, तुमचा बघा.

बाळूकाका: माझा २०३१ पर्यंत आहे. गुडघे तोपर्यंत नाहीत.

मंदाकाकू: जेवणाचं बोला. यांना काहीही चालतं, मला नाही.

नेहा: उबुदला शाकाहारी खाणं भरपूर मिळतं, काकू. टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, टोफू, खोबऱ्यातल्या भाज्या, गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर दाण्याची चटणी. फक्त चटणीत, मिरचीच्या ठेच्यात कोळंबीचं वाटण असतं, तेरासी. ते दिसत नाही, नुसत्या वासावरून कळतं. "तान्पा तेरासी" म्हणायचं, म्हणजे तेरासीशिवाय. आणि राजवाड्याजवळ अख्खं डुक्कर भाजलेलं मिळतं, तिकडे विवेकदादाला एकट्याला पाठवू.

विवेक: 🙋‍♂️

मंदाकाकू: शी.

मृणाल: नेहाताई, देवळांबाहेर पाटी असते ना, पाळी असेल तर आत येऊ नये अशी? रीलमध्ये पाहिली.

नेहा: असते. कमरेला वस्त्र आणि पट्टा सगळ्यांना बांधावाच लागतो, आणि ती पाटीही असते.

मृणाल: मग मी बाहेर बसणार आणि पाटीचा फोटो स्टेटसला ठेवणार.

मंदाकाकू: मृणाल, इथे काका लोक आहेत.

शोभाआत्या: काका लोकांना माहीत असतं मंदा. तिला लिहू दे.

मंदाकाकू: बरं ताई. तुम्ही म्हणाल तसं 🙏

रोहन: ड्राफ्ट २ पाठवतोय. १६ ला सगळे एकत्र पोहोचू (विवेकदादा, रजा वाढव). विमानतळ ते उबुद ३५-४० किलोमीटर, दीड तास धरा, संध्याकाळ असेल तर जास्त. १७ ला सरस्वतीचं देऊळ, कमळांचं तळं, रात्री राजवाड्यात लेगाँग नृत्य. १८ ला माकडांचं जंगल...

शोभाआत्या: झालं सुरू.

नेहा: माकडं बाळूकाकांचा चष्मा नेतील. खरंच नेतात, मग केळं दिलं की टाकतात. ते वगळ. पण १८ ची संध्याकाळ रस्त्यावर काढायचीच. न्येपीच्या आदल्या रात्री प्रत्येक वस्तीतली पोरं कागद-बांबूचे मोठाले राक्षस खांद्यावर घेऊन मिरवतात, ओगोह-ओगोह. आधी महिना-महिना खपून बनवतात. चौकात आले की गरगर फिरवतात, दिशा चुकून भुतं पळावीत म्हणून. भयंकर आवाज. आणि पहाटेपासून एकदम काहीच नाही.

विवेक: विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीच्या लक्ष्मी रोडसारखं.

नेहा: नाही रे. तेव्हा निदान झाडू मारायचा आवाज येतो. २०२३ ला मी ओट्यावर बसले होते. दुपारी पान पडलं तरी मान वळायची. रात्री तर... अमावास्या नुकतीच झालेली, खाली कुठेच दिवा नाही. ढग थोडेच होते. इतक्या चांदण्या मी आजीच्या गच्चीवरसुद्धा पाहिल्या नाहीत. मालकाची आई शेजारी येऊन बसली. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी. दोघी तासभर बसलो.

शोभाआत्या: पुढे लिही.

नेहा: पुढे काही नाही आत्या, तेवढंच.

मृणाल: २४ तास नेट नाही म्हणजे मी पुस्तक नेणार. हे मी लिहितेय यावर विश्वास बसत नाहीये.

मंदाकाकू: रात्री यांना काही झालं तर? बीपी आहे.

नेहा: दवाखान्याला सूट असते काकू, अडलेल्या बाईला आणि आजारी माणसाला सोडतात. जेवण आदल्या दिवशी करून ठेवतात, ओट्यावर आणून देतात. पुरणपोळ्या पुण्याहून करून आण, टिकतात. त्या दिवशी खाणारे सगळे आपणच, अख्ख्या गावात.

मंदाकाकू: बघते. गूळपोळ्या आणते, त्या जास्त टिकतात.

शोभाआत्या: रोहन, गावातला आवाज? शांत म्हणजे कितपत शांत? मला आधीच सांग, तिथे गेल्यावर नको.

नेहा: बाकीचे दिवस खरं सांगायचं तर पहाटे चारला कोंबडे. घरोघरी असतात. कुत्री भुंकतात. हनोमान रस्त्यावर स्कूटरी थांबत नाहीत, म्हणून घर न्युह कुनिंग किंवा पेनेस्तानानच्या बाजूला घेऊ. रस्त्यांची नावं ऐक: हनोमान, सुग्रीव, जेंबावान म्हणजे आपला जांबवंत, देवी सीता, अर्जुन, बिस्मा म्हणजे भीष्म. पत्ता विचारला की अर्धं रामायण होतं.

विवेक: बिभीषण रोड आहे का? बाबा तिथे राहतील.

बाळूकाका: मी पायऱ्या नसतील तिथे राहीन.

शोभाआत्या: कोंबडे चालतील. ओट्यासमोर झाड कसलं आहे?

नेहा: वायनला विचारते, दोन्ही प्रश्न एकदम.

दुपारी ३:४०

नेहा: उत्तर आलं. झाड चाफ्याचं आहे, पांढरा चाफा. तिकडे जेपुन म्हणतात. सकाळी खाली पडलेली फुलं त्याची बायको नैवेद्याच्या द्रोणात घालते, नारळाच्या पानाचे छोटे द्रोण, रोज करते, दारात, विहिरीवर, स्कूटरवरसुद्धा ठेवते. खाली बघून चाला, पायाखाली येतात.

सुनीलकाका: आपल्या अंगणातला चाफा गेल्या पावसात पडला. जुलैमध्ये फोटो टाकला होता इथे. चौदा जणांनी पाहिला, एकाचंही उत्तर नाही.

(आत्याने चार वेळा "टायपिंग" केलं, आलं काही नाही.)

शोभाआत्या: सुनील, फोन उचल.

रोहन: तोपर्यंत मी खोल्या धरून ठेवू? चार. न्येपीच्या आठवड्यात लवकर भरतात म्हणे.

नेहा: धर. पाच धर.

मंदाकाकू: पाच कशाला?

सायंकाळी ५:०५

शोभाआत्या: पाच. सुनील येतोय. गुढी शेजारचे पाटील उभारतील, किल्ली त्यांच्याकडेच आहे. रोहन, एक्सेलमध्ये त्याचं नाव आधी घाल, मग बाकीचं.

रोहन: घातलं. ओळ १.

सुनीलकाका: मी येतो म्हणालेलो नाही. बघतो म्हणालो.

विवेक: काका, पासपोर्ट?

सुनीलकाका: काढलेला आहे. २०१९ पासून कोराच पडलाय.

बाळूकाका: पायऱ्या.

नेहा: सॉरी काका, तेच सांगायचं राहिलं. खोलीला तीन. पण रस्त्यापासून वाड्याच्या दारापर्यंत नऊ चढायच्या आणि आत चार उतरायच्या.

बाळूकाका: एकूण सोळा. उतरताना धरायला कठडा आहे का?