मेगला मिळालेली भेट

'साधा माणूस विश्वाच्या लढाईत ओढला गेला की लेखक त्याला हळूच एखादी दिव्य शक्ती चिकटवतोच' हे म्हणणं बऱ्याच कथांना लागू पडतं, पण मॅडलिन लेंगलच्या 'अ रिंकल इन टाइम' (१९६२) या कादंबरीला नाही. त्यातली मेग चष्मेवाली, दातांना तारा लावलेली, शाळेत सतत भांडणारी. कमॅझॉट्झ ग्रहावर तिला भेट काय मिळते, तर तिचे स्वतःचेच दोष! आणि तो हट्टीपणा, तो राग तिथे खरंच कामी येतो.

दुष्टपणाही तलवारीबिलवारीचा नाही. गल्लीत प्रत्येक घरापुढे एकेक पोरगं, सगळ्यांचे चेंडू एकाच तालात आपटताहेत. एकाचा ताल चुकतो, तर आई धावत येऊन त्याला आत ओढते. मेग आणि तिच्यासोबतची मुलं चेंडू परत द्यायला जातात, तर चेंडू आपल्या पोराचा असल्याचं बाई घाबरून कबूलच करत नाही. राक्षसांपेक्षा मला तीच भीती जास्त लागली. आणि हो, अंधाराशी, म्हणजे विश्वातल्या दुष्ट शक्तीशी, झुंजलेल्या पृथ्वीवासीयांची नावं मुलं आठवतात, तेव्हा संगीतकार बाख, आइन्स्टाइनच्या पंगतीत गांधी आणि बुद्धही येतात. मेगला मात्र आठवतो युक्लिड. गणितवाली ना!