मदत हवी आहे: 'काम छान आहे, पण संशोधन कुठाय?' याला काय उत्तर देऊ?

मंडळी, मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रॅक्टिकलपेक्षा लेखी भागानेच घाम फोडलाय. माझं काम थोडक्यात सांगते, जाड कागद घ्यायचा आणि सुईने टोचत जायचं, शाई नाही रंग नाही, नुसती भोकं. एका शीटमध्ये सहज आठ-दहा हजार होतात. बाजूने प्रकाश पडला की चित्र दिसतं, समोरून लाइट मारला की गायब. तीन वर्षं हेच चाललंय आणि मजा येते, इथवर सगळं ठीक.

आता थिसिसमध्ये आपल्या कामाचा संदर्भ मांडायचाय. मी वीस पानं लिहून दिली, शांतता, संयम, वेदना, बाईचे न दिसणारे कष्ट वगैरे वगैरे. गाइडने ती परत पाठवली, समासात एकच ओळ, "हे स्टेटमेंट झालं, संशोधन कुठाय?" मग बसले शोधायला तर पहिल्याच दिवशी इटालियन चित्रकार लुचो फोंताना सापडला, हा माणूस १९४९ पासून कॅनव्हासला भोकं पाडत होता. पुढे आपल्याकडच्या चित्रकार झरीना हाश्मी, त्यांनी १९७७ च्या आसपास सुईने टोचलेल्या कागदांची मालिकाच केलीय. वर बंगालचे चित्रकार सोमनाथ होर, त्यांची 'वूंड्स' (जखमा) ही मालिका, पांढऱ्यावर पांढरं, सत्तरचं दशक. म्हणजे माझ्या जन्माआधीच सगळं उरकलेलं. आता या तिघांची चरित्रं लिहून शेवटी "मीही याच परंपरेतली" असं चिकटवायचं का? की विषयच बदलू? हातात दोन महिने आहेत, रडू यायचं बाकी आहे फक्त.

प्रतिसाद १

विषय अजिबात बदलू नका. ख्रिस्तोफर फ्रेलिंग या ब्रिटिश कला-अभ्यासकाने १९९३ मध्ये एक विभागणी केली होती, कलेविषयी संशोधन, कलेसाठी संशोधन आणि कलेच्या मार्फत संशोधन. चरित्रं लिहिलीत तर ते पहिल्यात जाईल. तुमच्या गाइडना बहुतेक तिसरं हवंय, म्हणजे टोचता टोचता तुम्हाला असं काय कळलं जे न टोचता कळलं नसतं.

प्रतिसाद २

मी प्रिंटमेकिंगवाला (छापचित्रं करणारा), त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या. तुम्ही तिघांना एका रांगेत उभं केलंत कारण फोटोत तिघांचं काम सारखं दिसतं. जरा ते कसं बनलंय ते बघा. सोमनाथदांच्या 'वूंड्स'मध्ये कागदाला जखम झालेलीच नाहीये! मातीच्या नाहीतर मेणाच्या थराला चाकूने, तापल्या सळईने घाव घालायचे, त्यावरून सिमेंटचा साचा काढायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. घाव मातीवर, कागदावर फक्त त्याचा वण. ज्याने १९४३ चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी बघून चितारला त्याच्यासाठी हा फरक किरकोळ नसणार, असं मला तरी वाटतं. फोंतानाला कॅनव्हासच्या सपाटीतून पलीकडच्या पोकळीत जायचं होतं. १९५८ पासून तो पात्याने चिरा द्यायला लागला आणि चिरेमागे काळी जाळी लावायचा, म्हणजे तुम्हाला अंधार दिसतो, भिंत दिसत नाही. दिसायला सारखं, भानगडी वेगळ्या.

आता तुम्ही सांगा. सुई कितव्या नंबरची? कागद कोरडा की ओला? टोचता एका बाजूने, मग भिंतीवर लावता कुठली बाजू?

धागाकर्ती

बाप रे, हे कुणी विचारलंच नव्हतं. लावते उलटी बाजू. सुई जिथून बाहेर पडते तिथे कागद फुटून बारीक खरखर उभी राहते ना, ती हवी असते मला, सावली तिचीच पडते. कागद दमट असला तर ती बसून जाते आणि पुळ्या आल्यासारखं दिसतं म्हणून अशी बरीच शीट्स फेकली. आणि हो, टोचत असताना मला चित्र दिसतच नाही, मी पूर्ण वेळ चुकीच्या बाजूला बसलेली असते. लिहिताना आत्ता जाणवलं. 😶

प्रतिसाद २

मग हाच तुमचा प्रश्न की हो! "करणाऱ्याला काम दिसत नसेल तर निर्णय कोण घेतं, हात की डोळा?" असं काहीतरी, शब्द तुम्ही बघा. हा प्रश्न घेऊन परत झरीनांच्या कामाकडे जा, आता त्या तुमच्या आधी पोचलेल्या स्पर्धक वाटणार नाहीत. आणि फेकलेली शीट्स डब्यातून काढा आधी! प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने तारीख, सुई, कागदाचं वजन, किती तास आणि का फेकली ते लिहा. जे आठवणार नाही ते कोरं सोडा, बनवून लिहू नका. त्यातून एक अख्खं प्रकरण निघेल.

प्रतिसाद ३

एक भर. संदर्भ म्हणजे फक्त आर्टिस्टच असं कुणी सांगितलं? भरतकामाचं डिझाइन कापडावर उतरवायला कागद टोचून त्यावरून पावडर फिरवतात, तेही हेच काम. मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलच्या छतासाठी (१५०८ ते १५१२) टोचलेली कार्टून्स (म्हणजे चित्राचे पूर्ण आकाराचे कागदी आराखडे) वापरली, भोकांतून कोळशाची पूड ओल्या गिलाव्यावर मारायची. तिथे टोचलेला कागद म्हणजे नुसता हमाल, काम झालं की संपला. तुम्ही त्या हमालालाच भिंतीवर टांगताय, यावर पाच पानं सहज होतील.

धागाकर्ती

हमाल 😂 हे गाइडना सांगणारे. डब्यातून अकरा शीट्स निघाली, दोनांवर चहा सांडलाय. एक विचारायचं राहिलं, वीस पानांतलं 'वेदना' वगैरे सगळंच काढू का?

प्रतिसाद २

काढा. शीट्सच्या मागे लिहिताना कुठे आपोआप आलं तर तेवढं ठेवा. चहावाली दोन फेकू नका.