'ट्रेनरचा इंटेंट' मराठीत कसा सांगाल?

केतकीबन (दापोली)
एका शब्दावर अडलेय. घोड्यांच्या रेसवर पैसे लावणाऱ्यांसाठी लिहिलेला मजकूर मराठीत आणायचाय. त्यात एक अख्खं प्रकरण 'ट्रेनर इंटेंट' यावर आहे. म्हणणं असं की घोडा किती वेगवान हे एक, आणि ट्रेनरला तो आज जिंकायला हवाय का, हे वेगळंच. मी 'प्रशिक्षकाचा हेतू' लिहून पाठवलं, तर संपादकांचा शेरा आला, "हेतू म्हटलं की पुढे खुनाचा तपास येणार असं वाटतं." मग 'इरादा' केलं. त्यावर घरातच विरोध. सासरे म्हणाले, इरादा नेक असतो नाहीतर पक्का असतो, हा कुठला? मूळ वाक्याचा मथितार्थ : घोडा मागच्या वेळी हरला यावर जाऊ नका, ट्रेनरचा आजचा इंटेंट ओळखा. तुम्ही कसं लिहाल?

खाडीकाठ
उद्देश. पुढचा प्रश्न?

केतकीबन
'ट्रेनरचा आजचा उद्देश.' मंडळाच्या वार्षिक अहवालात शोभेल हो.

शुद्धमती
आधी 'ट्रेनर' काढा. घोडा शिकवणाऱ्याला मराठीत चाबुकस्वार हा उत्तम शब्द असताना ही उसनवारी कशाला? 'चाबुकस्वाराचा मानस' असं लिहा. जॉकीला बारगीर म्हणता येईल. दुसऱ्याच्या घोड्यावर बसून लढतो तो बारगीर, स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार. घोड्याच्या मालकाला काय म्हणायचं हा प्रश्नही आपोआप सुटला.

खाडीकाठ
शिलेदार स्वतः घोड्यावर बसायचा. रेसचा मालक घोड्यावर बसला तर घोडाही बसेल.

सालोत्री (गुहागर)
ताई, आधी गोष्ट समजून घ्या, शब्द मागून येईल. माझी नोकरी मुंबईत झाली आणि रविवार महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

बहुतेक रेस हँडिकॅप असतात. घोड्याच्या कामगिरीवरून त्याला रेटिंग मिळतं आणि त्या मापाने पाठीवर वजन, एका पॉइंटला साधारण अर्धा किलो. जिंकला की रेटिंग चढतं, वजन वाढतं. मागे राहत गेला की उतरतं. म्हणजे हरण्यातसुद्धा ट्रेनरच्या पदरात काहीतरी पडतं. आता १२०० मीटरचा घोडा लागोपाठ १८०० ला पळवा, वर शिकाऊ पोरगा बसवा, अंगावर चरबी असतानाच रेसला आणा. तो आपसूक मागे राहील. लगाम खेचायची गरज नाही आणि रेसवर नजर ठेवणाऱ्या स्टुअर्ड्सनी चौकशी लावली तरी हाती काही लागत नाही. मग एके दिवशी तोच घोडा परत १२०० ला येतो. रेसचा क्लास म्हणजे दर्जा एक पायरी खाली, तबेल्याचा पहिला जॉकी वर, डोळ्यांना पहिल्यांदाच ब्लिंकर्स म्हणजे झापडं, आणि सकाळी पंधराचा असलेला भाव, पैसे लागत गेल्याने, रेसच्या तोंडावर पाचावर. यालाच तुमचा तो इंटेंट म्हणतात.

यातलं एकेक सुटं धरलंत तर काहीच सिद्ध होत नाही. जॉकी मोकळा होता म्हणून बसवला असेल, घोडा बुजतो म्हणून ब्लिंकर्स घातले असतील. भाव तर अफवेनेही पडतो. एकाच ट्रेनरचे दोन घोडे रेसमध्ये असले की तबेल्याचा जॉकी कुठल्यावर बसला ते सगळे बघतात, आणि कित्येकदा दुसराच पुढे निघतो. मग जे शब्द कानावर पडतात ते तुमच्या भाषांतरात चालायचे नाहीत.

डर्बीची, म्हणजे सगळ्यात मानाच्या रेसची, गोष्ट वेगळी. २४०० मीटर, सगळे घोडे चार वर्षांचे, वजन आधीच ठरलेलं, फक्त माद्यांना थोडी सूट. रेटिंग पाडून तिथे काही मिळत नाही. त्या दिवशी ट्रेनरच्या पोटात शिरायला कुणी जात नाही, घोड्याकडेच बघतात.

आता शब्द. महालक्ष्मीला 'इंटेंट' म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. 'घोडा ट्राय आहे का?' एवढंच विचारायचे. ट्राय आहे, ट्राय नाही. ट्रेनर त्या वाक्यात येतच नाही. आणि चाबुकस्वार म्हणजे घोड्यावर बसून त्याला वळण लावणारा. रेसचा ट्रेनर खाली उभा राहून घड्याळ बघतो.

शुद्धमती
'ट्राय आहे' ही मराठी आहे?

सालोत्री
'आहे' तर मराठी आहे. शिवाय चाबूक फारसी, स्वारही फारसी. फारसीत चाबूक म्हणजे मुळात चपळ. तुम्ही इंग्रजी उसनवारी फेडायला फारसी कर्ज काढताय.

तेरेखोल
सालोत्रीकाका म्हणतात ते अगदी खरं, ट्रेनर वाक्यात येत नाही. आमचे आजोबा परळला गिरणीत होते, निवृत्तीनंतर गावी आले तरी रेसचं पान आधी उघडायचे. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "घोडो पळाक नाय इलो, फिराक इलो हा." आणि एखाद्यावर भरवसा बसला की चष्मा कपाळावर सरकवून नुसतं, "आज पळाक इलो." यात ट्रेनर, मालक, जॉकी सगळ्यांचं मन आलं आणि नाव एकाचंही घेतलं नाही. ताई, असं लिहा की : घोडा मागच्या वेळी का हरला ते सोडा, आज तो पळायला आलाय की फिरायला, ते ओळखा.

केतकीबन
वा! वाक्य सुटलं. पण प्रकरणाच्या डोक्यावर नाम लागतं हो. 'पळायला की फिरायला' असं शीर्षक दिलं तर पर्यटनाच्या कप्प्यात जाईल.

शुद्धमती
इथे एक तर्कदोष आहे. फिरायला कोण आला? घोडा. घोड्याला इच्छा नसते, त्याला आणणाऱ्याला असते. इंग्रजीत ती जबाबदारी ट्रेनरवर स्पष्ट टाकली आहे, मराठीत तुम्ही ती बिचाऱ्या जनावरावर ढकललीत. भाषांतरात कर्ता बदलणं मला मान्य नाही.

तेरेखोल
गाडी लागली, पंखा चालू आहे, दूध उतू गेलं. मराठीत कर्ता असाच दडून बसतो. आणि इथे तर दडणाराच कर्ता आहे.

रेवसकर (अलिबाग)
आमच्याकडे पुळणीवर गाड्यांच्या शर्यती होतात, बैलांच्या आणि घोड्यांच्याही. सुकती लागून वाळू घट्ट झाली की गाड्या उतरतात. तिथे हँडिकॅप वगैरे काही नाही, तरी मनातलं लपवणं आहेच. नवी जोडी असली की लहान शर्यतीत गाडीवान तिला पुरती सोडत नाही. बघायचं ते बैलाकडे नाही, कासऱ्याकडे. शेवटच्या टप्प्यात कासरा ढिला पडला तर जोडी मोकळी सुटली, हात छातीशीच राहिला तर राखून हाकतोय. त्याला आम्ही म्हणतो, 'हात आखडलाय.' हात आखडता घेणं आपल्या रोजच्या बोलण्यातलं आहे. ताईंनी 'ट्रेनरने हात आखडता घेतलाय की मोकळा सोडलाय' असं लिहावं. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातल्यावर बैलांच्या शर्यती थांबल्या, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ ला घटनापीठानेही कायदा उचलून धरला. मधल्या काळात मोठी झालेली पोरं आता बैलांकडे मोबाइलमधून बघतात, कासरा कुणाला दिसतच नाही.

हर्णैचा वारा
हात आखडता घेणं पैशांबाबत असतं.

रेवसकर
मग इथे काय काजू लावलेत?

मुरुडची मावशी
रेवसकर, पुळणीवर असं कुणी मुद्दाम राखून हाकत नाही. माझ्या माहेरी जोडी होती. गाडी उतरली की माणूस जिवावर उदार होऊन हाकतो. हरल्यावर सगळेच म्हणतात, राखून हाकली.

रेवसकर
मावशी, मी जिंकलेल्यांकडून ऐकलंय.

उकडीचा मोदक
मुळात जुगाराचं भाषांतर करायचंच कशाला?

सालोत्री
१९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या रेसला कौशल्याचा खेळ ठरवलंय. घोड्याची जात, तयारी, जॉकी यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, म्हणून. ट्रेनरचं मन ओळखणं त्याच कौशल्यात धरायचं की नशिबात, हे ज्याने त्याने आपल्या खिशाला विचारावं.

खाडीकाठ
'नियत' कसं वाटतं? 'ट्रेनरची नियत ओळखा.'

केतकीबन
नियत म्हटली की ती फिरलेलीच असते. साधा, सरळ, आज जिंकायला आलेला ट्रेनरसुद्धा संशयित होईल. मला दोन्ही बाजू झाकणारा शब्द हवाय.

हर्णैचा वारा
शिवाय 'नियतकालिक' मधलं नियत संस्कृत आहे, ठरलेलं या अर्थी. ही नियत अरबी. एकाच लिपीत दोन पाहुण्या, नात्यागोत्याच्या नव्हेत. संस्कृतातच हवं असेल तर 'अभिप्राय' बघा. तिकडे त्याचा अर्थ मनातला हेतू असाच आहे. आपण त्याला 'आपला अभिप्राय कळवा'च्या वहीत नेऊन बसवलं.

केतकीबन
'ट्रेनरचा अभिप्राय' वाचून लोक विचारतील, कसं वाटलं म्हणाले जेवण?

सालोत्री
मनसुबा! हा कसा सुचला नाही आधी. अरबीत मन्सूबा म्हणजे बुद्धिबळातला मांडून ठेवलेला डाव, कोडं म्हणून सोडवायला देतात तसला. समोर सगळी प्यादी दिसतात, चाल दिसत नाही. ट्रेनरचं नेमकं हेच.

उकडीचा मोदक
मनसुबा म्हणजे मनाचा सुभा. आम्हाला शाळेत असंच सांगितलं होतं.

सालोत्री
मास्तरांनी सुभेदारी केली असेल, भाषाशास्त्र नाही.

उकडीचा मोदक
गुरुजनांबद्दल जपून बोला. लोकांच्या मनात जी व्युत्पत्ती बसली तीही एक प्रकारे खरीच.

केतकीबन
'मनसुबा' मला आवडला, पण एक शंका. मनसुबे रचतात आणि बहुधा ते धुळीला मिळतात. जिंकलेल्या घोड्यामागे मनसुबा होता असं म्हणतो का आपण?

तेरेखोल
शिवाय मनसुबा लांबचा. इंटेंट आजचा. चार महिन्यांचा मनसुबा असेल, पण आज दुपारी तीनच्या रेसला काय, ते 'पळाक इलो' मध्येच येतं.

शुद्धमती
पुन्हा सांगते, मानस. 'आज जिंकवण्याचा मानस दिसतो.' सुबोध, संस्कृत, निर्दोष.

खाडीकाठ
मानस मंत्र्यांचा असतो. पूल बांधण्याचा.

हर्णैचा वारा
आपण किनाऱ्यावरची माणसं इतकं शोधतोय आणि अंगणातला शब्द विसरलो. कौल! देवळात पाकळ्या लावतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पैसे लावणारा नेमका असाच बसलेला असतो. 'ट्रेनरचा कौल.'

तेरेखोल
देव कौल देतो. ट्रेनर देत नाही, दडवतो. उलटा अर्थ झाला.

शुद्धमती
अर्थाचं बघता येईल, पण निदान एक अस्सल कोकणी मातीतला शब्द इथे आला याचा आनंद आहे. कौल मला चालेल.

खाडीकाठ
अरबी. क़ौल म्हणजे बोललेला शब्द, वचन. कौलनामा त्यातलाच. आणि तुम्ही वर ज्या 'शर्यती' सहन केल्यात तीही अरबी शर्त, म्हणजे अट.

शुद्धमती
मग घराच्या छपरावर काय अरबी वचनं घातली आहेत का? कौलारू घर कोकणातलं नाही?

केतकीबन
मंडळी, मला उद्या मजकूर द्यायचाय. सध्या शीर्षक 'ट्रेनरच्या मनात आज काय?' असं ठेवलंय. आत एके ठिकाणी तेरेखोलांच्या आजोबांचं वाक्य, एके ठिकाणी 'हात आखडता', जिथे तबेल्याची लांबची आखणी आहे तिथे मनसुबा. सगळीकडे एकच शब्द हवाच का, असंही आता वाटायला लागलंय. पण संपादक परिभाषा ठरवून मागतायत, आणि 'ट्रेनर'वर त्यांनी आताच लाल रेघ ओढलीय. त्याला काय करू?

हर्णैचा वारा
छपराचं कौल वेगळं, शुद्धमतीताई. ते 'कपाल' वरून असावं, कपाल म्हणजे खापर. कपाल, कवाल, कौल. कवटीलाही कपालच म्हणतात.

उकडीचा मोदक
मला वाटतं देवाने कौल दिल्यावरच घर बांधायचे, म्हणून छपरालाही कौल.

सालोत्री
तुम्ही आणि तुमचे मास्तर.

तेरेखोल
आमच्या बाजूला जुन्या घरांवर कौलां नसतत, नळे असतत. कुंभाराकडचे, अर्धगोल, पावसाआधी चाळायचे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला, तिथून ती चपटी मंगळुरी आली. कौल हा शब्द त्या मंगळुरींसोबतच आमच्याकडे रुळला, असं माझं मत आहे.

मुरुडची मावशी
आमच्याकडे ती अर्धगोल असली तरी कौलंच. नळीची कौलं. मंगळुरीच्या कितीतरी आधीपासून. आईच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता.

तेरेखोल
मावशी, रायगडचं रायगडात. आमच्याकडे विचाराल तर नळेच.

खाडीकाठ
नळे आणि पाण्याचा नळ एकच का?